संत्र्याला जो न्याय, तोच गुळवेलीला द्या

२०२५ च्या ऑक्टोबरपासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकच भांडण सुरू आहे आणि काही केल्या थांबत नाहीये. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची लहान लहान लेकरं साध्या सर्दी-खोकल्याचं सिरप पिऊन किडनी फेल होऊन गेली, वीसच्या वर गेली, आणि त्यातली कितीतरी शेवटच्या दिवसांत आपल्या नागपूरच्या दवाखान्यांमध्येच होती. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघालं, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषच. तेव्हापासून एक पार्टी म्हणते की बघा, आम्ही सांगतच होतो, ही इंग्रजी औषधं म्हणजे विष, लेकरांना तुळस, अडुळसा, गुळवेल, हळद द्या, व्हायरस जवळ फिरकणार नाही. दुसरी पार्टी म्हणते काढा म्हणजे निव्वळ थोतांड, पालापाचोळा उकळून व्हायरस मरत असता तर एवढे दवाखाने कशाला लागले असते. सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत हे सुरू होतं ते रात्री झोपेपर्यंत चालतं.

मी बी.फार्म. झालेली बाई, दक्षिण नागपुरात १९ वर्षांपासून मेडिकल स्टोअर चालवते. माझ्या पाठीमागच्या रॅकवर डाव्या हाताला सिरपं आणि उजव्या हाताला काढे, वट्या, चूर्णं, गुळवेलीचा रस. दोन्हीचं बिल मीच फाडते, म्हणून मला हे भांडण ऐकताना त्रास होतो. दोन्ही पार्ट्या औषधाची जात विचारून राहिल्या आहेत, ते काम करतं का हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. वनस्पतींमध्ये असे घटक आहेत की ज्यांच्यापासून खरी औषधं बनली आहेत आणि पुढंही बनतील, याबद्दल मला काडीची शंका नाही. पण सर्दी, फ्लू, कोविडसारखे श्वसनाचे व्हायरल आजार होऊच देत नाही असं डब्यावर लिहायचा हक्क माझ्या उजव्या रॅकवरच्या एकाही डब्यानं आजपर्यंत कमावलेला नाही. तो हक्क चाचणी देऊनच मिळतो, आणि ती चाचणी सरकारनं केली पाहिजे, आणि ती आपल्या नागपुरात होऊ शकते.

चाचणी म्हटलं की लोकांना वाटतं ही आपल्या जडीबुटीला हिणवायची परदेशी युक्ती आहे. अहो, पण औषधाची पहिली नीट परीक्षा झाली तीच मुळी फळाची झाली! १७४७ मध्ये सॅलिसबरी नावाच्या जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरसमोर स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार, झालेले १२ खलाशी होते. त्यानं दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, जेवण सगळ्यांना सारखं, फक्त उपाय वेगळा, कोणाला सायडर, कोणाला पातळ केलेलं ॲसिड, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी, कोणाला लसूण-मोहरी वगैरे वाटून केलेला गोळा, आणि एका जोडीला रोज दोन संत्री अन् एक लिंबू. सहा दिवसांत संत्रं खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर हजर व्हायच्या लायकीचा झाला. लसूण-मोहरीच्या गोळ्यानं काही झालं नाही. लक्षात घ्या, गोळा पण झाडपाल्याचाच होता आणि संत्रं पण झाडाचंच, दोघांनाही एकाच रांगेत उभं केलं म्हणून कळलं की कोण कामाचं आहे. तरी इंग्रजांच्या आरमाराला सगळ्या खलाशांना लिंबाचा रस द्यायला १७९५ उजाडलं, म्हणजे पुरावा समोर असून दुर्लक्ष करायची सवय काही फक्त आपल्याकडं नाही.

आता त्याच संत्र्याची पुढची गोष्ट ऐका, कारण आपण नागपूरकर आहोत आणि ही आपल्याला माहीत असली पाहिजे. १९७० मध्ये लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळालेला माणूस, त्यानं सांगितलं की व्हिटॅमिन सी भरपूर घ्या, सर्दी होणार नाही. सगळ्या जगानं ऐकलं, आजही माझ्याकडं थंडी सुरू झाली की चोखायच्या गोळ्यांच्या स्ट्रिप रोज जातात. पण त्याच्यावर चाचण्या होत राहिल्या आणि २०१३ मध्ये कॉक्रेन या जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी त्या एकत्र केल्या, २९ चाचण्या, ११,३०६ माणसं. निघालं काय, तर रोज व्हिटॅमिन सी घेऊनही सर्वसाधारण माणसाला सर्दी तेवढ्याच वेळा होते. फक्त मॅरेथॉन पळणारे, बर्फात स्की करणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक अशा ५९८ लोकांमध्ये ती निम्म्यावर आली. आणि रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी झाली, मोठ्यांमध्ये ८ टक्के, लहान पोरांमध्ये १४ टक्के. म्हणजे बघा, घटक एकच, पण स्कर्व्हीवर शंभर नंबरी आणि सर्दी अडवायला आपल्यासारख्यांना जवळजवळ बेकार. यात संत्र्याचा अपमान झाला का? कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या गाड्या यायच्या बंद झाल्या का? नाही ना. मग गुळवेलीबद्दल हाच प्रश्न विचारला की लगेच संस्कृतीवर हल्ला कसा काय होतो?

काढ्याला थोतांड म्हणणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ ज्या शहरातून उभी झाली त्या शहरात मी वाढले, मला तिचा अभिमान आहे, पण न तपासता नाही म्हणणं हे न तपासता हो म्हणण्याइतकंच आळशी आहे. माझ्या डाव्या रॅकवर ॲम्ब्रोक्सॉलचं सिरप आहे, कफ पातळ करायचं, ज्याला तुम्ही ॲलोपॅथी म्हणता ते. त्याची आजी कोण माहीत आहे? अडुळसा. अडुळशातल्या व्हॅसिसीनच्या धर्तीवर ब्रोमहेक्सीन बनवलं गेलं आणि ब्रोमहेक्सीनपासून ॲम्ब्रोक्सॉल आलं. ब्लडप्रेशरवर जगाला जी सुरुवातीची खरी औषधं मिळाली त्यातलं एक आपल्या सर्पगंधेचं, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये आपल्या पेशंटांवरचे निकाल ब्रिटनच्या हार्टच्या जर्नलमध्ये छापले तेव्हा जगानं मान वळवून पाहिलं. आणि फ्लूवरची ऑसेलटामिविर, स्वाइन फ्लूच्या वेळेस जिच्यासाठी लोकं रात्री दुकानाचं शटर वाजवायचे, ती कित्येक वर्षं चक्रीफुलापासून बनत होती. हो, तेच चक्रीफूल जे तुमच्या मसाल्याच्या डब्यात पडलेलं असतं.

पण म्हणून मसालेदार रस्सा खाऊन फ्लू बरा होतो का? चक्रीफुलातून शिकिमिक ॲसिड काढतात, ते स्वतः फ्लूच्या व्हायरसला काही करत नाही, त्याच्यावर रसायनशाळेत एकामागून एक प्रक्रिया केल्यावर कुठं ती गोळी तयार होते. हाच मुद्दा आहे जो काढेवाले लोकं उडी मारून ओलांडतात. झाडात काहीतरी आहे, इथपासून हे झाड उकळून प्यायलं की आजार होत नाही, इथपर्यंत मोठं अंतर आहे आणि ते विश्वासानं पार होत नाही. चीनच्या तू योयो यांचं उदाहरण ग्रुपवर नेहमी येतं, की बघा जुन्या ग्रंथातून मलेरियाचं औषध काढलं, २०१५ चं नोबेल मिळालं. अगदी खरं आहे, पण गोष्ट पूर्ण सांगा ना. आर्टेमिसिया नावाच्या वनस्पतीचा अर्क त्यांच्याकडं कधी काम करायचा कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या पुस्तकात त्यांना सापडलं की ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितलाय. उकळायला सांगितलेलं नाही! तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेनं बहुतेक तो घटक खराब होऊन राहिला आहे, मग त्यांनी ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ नंबरचा नमुना उंदरांवर पूर्ण लागू पडला. म्हणजे परंपरेनं गल्ली दाखवली, दार शोधायला १९० नमुने वाया घालवावे लागले. आपण मात्र गल्लीच्या तोंडाशी उभं राहून घर सापडल्याचे पेढे वाटतो.

प्रयोगशाळेच्या बातम्यांचंही तेच. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन २००३ मध्ये सार्सच्या व्हायरसला काचेच्या बशीत रोखताना दिसलं, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. हळदीतलं करक्युमिन तर बशीत जवळजवळ प्रत्येकच गोष्ट अडवतं. पण बशीत साबण टाकला तरी व्हायरस मरतो, म्हणून साबण कोणी पीत नाही. प्रश्न असा आहे की पोटात घेतलेला घटक रक्तात किती जातो आणि तिथून नाका-घशाच्या त्या अस्तरापर्यंत किती पोचतो जिथं व्हायरस पहिल्यांदा चिकटतो. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालंय, करक्युमिन जास्त आहे म्हणून तिचं नाव आहे, मला तिचा रंग आणि वास दोन्ही फार आवडतात. तरी साध्या हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, आणि पोटातून ते रक्तात जातं अगदीच नगण्य. २०१७ मध्ये काही केमिस्ट लोकांनी करक्युमिनचा सगळा हिशोब मांडला, तोपर्यंत माणसांवर १२० च्या वर चाचण्या होऊन गेल्या होत्या आणि त्यातली कोणाला खरं औषध मिळतंय हे कोणालाच माहीत नसलेली, प्लासिबोशी म्हणजे नकली गोळीशी तुलना केलेली एकही यशस्वी म्हणता येत नव्हती. आणि हळदीच्या पेटंटची लढाई आठवते? अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, माशेलकर सरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपण सगळे छाती फुगवून ती गोष्ट सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण ती लढाई आमची आजी लावायची एवढ्यावर जिंकता आली नसती, ३२ लेखी पुरावे ठेवावे लागले, त्यात १९५३ चा आपल्याच मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक पेपर होता. परक्यासमोर कागद दाखवायचा आणि आपल्या लेकरासमोर नुसता विश्वास, हे कसं चालेल?

आता येते मोठ्या शब्दाकडं, इम्युनिटी. व्हायरस मरो ना मरो, रोगप्रतिकारशक्ती तर वाढते ना ताई, असं मला दिवसातून दहादा ऐकायला मिळतं. जणू शरीरात एक पाण्याची टाकी आहे आणि काढ्यानं ती भरते. तसं नसतं हो. प्रतिकारशक्ती कमी पडली तर माणूस मरतो आणि भलतीच उसळली तरी मरतो. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी नावाच्या चाचणीत कोविडनं व्हेंटिलेटरवर गेलेल्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी करणारं औषध सापडलं, ते होतं डेक्सामेथासोन, स्टेरॉइड, म्हणजे प्रतिकारशक्तीला दाबणारं औषध! मग वाढवणं नेहमी चांगलंच असतं हे कुठून आलं? त्याच वर्षी मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान लिव्हरला सूज आलेले ६ पेशंट डॉक्टरांनी नोंदवले, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयानं म्हटलं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असेल. शंका अगदीच चूक नव्हती, अशा सारख्या दिसणाऱ्या वेली आहेत. पण पुढं देशातल्या १३ सेंटरमधून ४३ पेशंटांची नोंद आली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या लिव्हरवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटल्यासारखी लक्षणं होती.

आमच्या गल्लीत एक काका होते, रिटायर शिक्षक. कडुनिंबावर चढलेली गुळवेल गुणकारी म्हणून स्वतः शिडी लावून काढायचे, बोटाएवढे तुकडे रात्री तांब्यात भिजवून सकाळी ठेचायचे. आठ-नऊ महिने एक दिवस चुकला नाही. २०२१ च्या पावसाळ्यात दुकानात आले तेव्हा चष्म्याआडून डोळ्यांचा पिवळा रंग मला काउंटरच्या अलीकडून दिसला. ते वाचले, दोन महिने लागले. गुळवेलीमुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, त्यांच्या बाकीच्याही गोळ्या सुरू होत्या. माझी तक्रार वेगळी आहे. दवाखान्यात त्यांना दारू पिता का हे तीनदा विचारलं, सकाळी काय पिता हे कोणी विचारलं नाही, आणि घरच्यांनीही सांगितलं नाही कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. ज्याची नोंदच होत नाही त्याला साइड इफेक्ट नाही असं म्हणणं फार सोपं असतं. शेकडो वर्षांचा अनुभव आहे म्हणता, पण त्या अनुभवात ज्यांना सोसलं नाही त्यांची वही कोणी ठेवली होती? ज्येष्ठमधाचंच घ्या, रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घसरतं, हे माहीत असून ते घशाच्या गोळीत म्हातारी माणसं दिवसभर चघळतात. चरकानंच सांगून ठेवलंय की नीट वापरलं तर जालीम विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधही जालीम विष होतं. आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात हे वाक्य चरकाचं नाही, जाहिरातीचं आहे.

आता समोरच्या पार्टीचा सगळ्यात जोरदार मुद्दा. ॲलोपॅथीनं काय दिवे लावले? परासियाची लेकरं कोणत्या औषधानं गेली? याला माझ्याकडं बगल द्यायला जागा नाही आणि द्यायचीही नाहीये. सर्दीच्या सिरपांमधलं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनचं कॉम्बिनेशन ४ वर्षांखालच्या लेकरांना देऊ नका हे केंद्रानं २०२३ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं होतं, तरी ते सर्रास लिहिलं जात होतं आणि आमच्यासारखी दुकानं विकत होती. मी पण विकलंय. डायइथिलिन ग्लायकॉलही पहिल्यांदा नाही आलं. १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर माणसं यानंच मेली. १९८६ मध्ये मुंबईत जे.जे. हॉस्पिटलला ग्लिसरॉलमध्ये हेच मिसळलेलं निघालं, १४ जण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. २०२० च्या मार्चमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना कोविड होऊ नये म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियाचं जुनं औषध द्यायला सांगितलं गेलं, आणि लोकांनी चिठ्ठीशिवाय दुकानं रिकामी केली, ल्युपस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटण्याचा आजार, असलेल्या आणि याच गोळ्या लागणाऱ्या बायांना त्या मिळेनात.

पण यातून अर्थ काय निघतो? अमेरिकेत १९३७ च्या मृत्यूंनंतर लोकं झाडपाल्याकडं वळले नाहीत, १९३८ मध्ये कायदा आला की बाजारात आणायच्या आधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची ८२१ लोकांवर प्लासिबोसोबत तुलना झाली, अडवत नाही हे जूनमध्ये छापून आलं आणि बाकीच्या चाचण्यांनीही तेच म्हटल्यावर हळूहळू ते मागं पडलं. केमिकल औषध होतं म्हणून कोणी दया दाखवली नाही. सिरपनं लेकरं गेली कारण तो माल न तपासता बाजारात आला. मग त्याच्यावर उपाय म्हणून आणखी कमी तपासलेला माल प्यायचा, हे कुठलं शहाणपण? आयुर्वेदाच्या शास्त्रोक्त ग्रंथात असलेलं औषध त्याच उपयोगासाठी बनवायचं असेल तर माणसांवरच्या चाचणीचा पुरावा मागितलाच जात नाही. अशा औषधांच्या जाहिरातीच्या आधी परवानगी घ्या सांगणारा नियम १७० हा २०१८ ला आला आणि २०२४ च्या जुलैमध्ये आयुष मंत्रालयानंच तो वगळायची अधिसूचना काढली. डावा रॅक असो की उजवा, माझ्या हातात बाटली येते तेव्हा आत काय आहे हे मला फक्त लेबलवरून कळतं.

आणि नुकसान तर नाही ना, घेऊन बघायला काय जातं, याचं उत्तर मला जानेवारीत एका रात्री मिळालं. नऊ वाजून गेले होते, शटर अर्धं खाली होतं. उमरेड रोडकडून एक तरुण बाप बाइकवर आला, मागं बायको, तिच्या शालीत सव्वा-दीड वर्षाचं लेकरू. "ताई, सर्दीचं काही जडीबुटीचं द्या, सिरप नका देऊ बापा, पेपरात वाचलं ना." तीन दिवस घरी तुळस-अडुळशाचा काढा चमच्यानं पाजून राहिले होते. मी शाल बाजूला केली तर लेकराच्या बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मोबाइलवर टायमर लावून मोजलं, मिनिटाला ५८. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त झाला तर वाट बघायची नसते, हे आम्हाला पाठ असतं, त्या बापाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी काहीच विकलं नाही, ऑटो बोलावून दवाखान्यात पाठवलं. न्यूमोनिया होता, चार दिवस ऑक्सिजन लागला, लेकरू घरी गेलं. काढ्यानं त्याला काही केलं नव्हतं, ना चांगलं ना वाईट. पण काढा चालू आहे या भरवशावर तीन दिवस गेले होते आणि त्या बापाच्या डोक्यात भीती फक्त सिरपची होती.

वैद्य मंडळींचा एक मुद्दा मात्र मला खरंच वजनदार वाटतो. ते म्हणतात आयुर्वेद माणूस बघून औषध देतो, प्रकृती, ऋतू, अग्नी, सगळं बघून, आणि तुमची चाचणी हजार लोकांना एकच गोळी देऊन सरासरी काढते, हा आमच्यावर अन्याय आहे. मान्य. मग अशी चाचणी करा की एका गटाला वैद्य तपासतील आणि ज्याला जे द्यायचं ते देतील, दुसऱ्या गटाला नेहमीची काळजी, आणि तीन महिन्यांनी कोणाला किती वेळा सर्दी-ताप झाला ते मोजा. वैद्यांच्या पद्धतीला धक्का न लावता हे होतं. पण एक सांगा, माझ्या उजव्या रॅकवरचा डबा कोणाची प्रकृती विचारतो? तो आठ वर्षांच्या पोरीला आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना एकच दोन चमचे सांगतो. प्रकृतीचा मुद्दा खऱ्या वैद्याच्या तोंडी शोभतो, डबाबंद काढा विकणाऱ्याला त्याच्या आड लपता येणार नाही.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथं मी काढेवाल्यांच्या बाजूनं उभी आहे. तुळशीवर पेटंट मिळत नाही, मग कोट्यवधी रुपये कोणती कंपनी टाकेल? कोणतीच नाही. म्हणूनच हे काम सरकारचं आहे. आणि सर्दी अडवते का हे बघायला कोट्यवधी लागतातच असं नाही, कारण सर्दी सगळ्यांना होते, वारंवार होते आणि आठवड्यात संपते. लसणाचं उदाहरण घ्या. १४६ लोकं, १२ आठवडे, निम्म्यांना लसणाची गोळी, निम्म्यांना नकली. लसूणवाल्यांना २४ सर्द्या, बाकीच्यांना ६५. एवढा मोठा फरक! पण ही एकच चाचणी आहे, लसणाचा वास लपवणं कठीण, आणि सर्दी झाली की नाही हे लोकांनी स्वतः लिहिलेलं, म्हणून कॉक्रेननं म्हटलं की अजून पाहिजे. आपल्या देशात रोज किलो-किलो लसूण लागतो आणि ही चाचणी आपण परत करून बघितली नाही याची मला खंत वाटते. जपानमध्ये २००५ ला ३८७ लोकांवर गुळण्यांची चाचणी छापली, ६० दिवस. साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांना सर्दी ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि आयोडीनच्या औषधी गुळण्यांनी म्हणावा तसा फरक पडला नाही. साधं पाणी! आता विचार करा, आपण हळद-मिठाच्या गरम गुळण्या करतो त्यात काम हळद करते, मीठ करतं की नुसतं पाणी, हे आपल्याला माहीत आहे का?

आपल्याकडं काहीच झालं नाही असंही नाही. कोविडमध्ये आयुष ६४ या आयुर्वेदिक गोळीची चाचणी मुंबई, लखनौ आणि आपल्या शेजारच्या वर्ध्याला झाली, १४० पेशंट, नेहमीच्या उपचारासोबत दिलं तर लवकर बरं वाटलं असा निकाल आला. पण कोणाला औषध मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लवकर बरं वाटणं ही अशी गोष्ट आहे की औषध मिळतंय या जाणिवेनंच अर्धं बरं वाटतं. शिवाय ती उपचाराची चाचणी होती, आजार अडवायची नाही. थायलंडनं भुईनिंबाच्या बाबतीत घाई केली, आधी वापर सुरू केला, आणि न्यूमोनिया अडवतो म्हणणारा छोटा पेपर २०२१ मध्ये आकडेमोडीच्या चुकीमुळं मागं घ्यावा लागला. उलट इंग्लंडनं कोविडवर कोल्चिसीन हे औषध तपासलं, जे आपल्या कळलावीच्या कंदातही असतं, ११,३४० पेशंटांवर, आणि दोन्ही गटांत मृत्यू सारखेच निघाले, विषय संपला. या तीन उदाहरणांत मला तिसऱ्याचा हेवा वाटतो. उत्तर नाही आलं तरी ते पक्कं उत्तर होतं.

नागपुरात काय कमी आहे सांगा. सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय कॉलेजं आहेत, विद्यापीठाचा फार्मसीचा विभाग आहे, जिथं गुळवेलीच्या प्रत्येक बॅचमध्ये घटक किती आणि वेल तीच आहे की दुसरी हे तपासता येईल. नीरी या आपल्या इथल्या पर्यावरण संशोधन संस्थेनं तर कोविडमध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळणीतून आरटी-पीसीआर करायची पद्धत काढून दाखवली, नाकात काडी घालायचं कामच नाही, म्हणजे सर्दी झालेल्या पोराच्या घशात खरंच व्हायरस आहे का हे तपासणंही सोपं. होस्टेलची चार-पाचशे सज्ञान पोरंपोरी, राजीखुशीनं सही करणारी, एकाच मेसमध्ये जेवणारी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना गुळवेल, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली कॅप्सूल, कोणाला काय मिळालं हे ना पोरांना माहीत ना देणाऱ्याला. सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर लिव्हरची टेस्ट. आणि सुरू व्हायच्या आधीच सरकारी रजिस्ट्रीत नोंदवायचं की आम्ही काय मोजणार आहोत, म्हणजे निकाल आवडला नाही तर दाबता येणार नाही.

आयुर्वेद कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीशी यावर दोन तास बोलणं झालं. तिचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता, कडू काढ्याची नक्कल कशी करशील? प्यायल्यावर पोरांना लगेच कळेल. मग तीच म्हणाली की गुळवेलीचा घन, म्हणजे आटवलेला अर्क, कॅप्सूलमध्ये भरता येईल, फक्त मात्रा बसवायला दिवसाला चार कॅप्सूल लागतील आणि कॅप्सूल उघडून चाखणारी दोन-चार पोट्टी निघतीलच, त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागेल. एथिक्स कमिटीला सहा महिने धरून चालायचं. थंडी नोव्हेंबरात लागते, म्हणजे अर्ज एप्रिलच्या आत गेला पाहिजे, ती मसुदा लिहून राहिली आहे आणि नकली कॅप्सूलमध्ये काय भरायचं हे ठरवायचं काम तिनं माझ्याकडं दिलंय.